कारणाशिवाय घराबाहेर

मुंब्रा-कौसा हे आमच्या अनेक वाचकांचे गाव. कौशात कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबे जीव मुठीत धरून इथे आली, आणि खाडी व पारसिकचा डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत इमारतीला इमारत लागत गेली. या गावाविषयी बोलताना पाणी, वीज, ट्रॅफिक आणि अनधिकृत बांधकामे यांची चर्चा नेहमी होते. एका गोष्टीची मात्र होत नाही. हेच गाव पुरुष एका तऱ्हेने वापरतात आणि स्त्रिया दुसऱ्या तऱ्हेने. नवरा-बायको एका छताखाली राहतात, एकाच दस्तरखानावर जेवतात; पण जिना उतरून रस्त्याला लागले की दोघांच्या वाट्याला आलेले शहर वेगवेगळे असते.

हे केवळ मुंब्र्याचे नाही आणि केवळ मुसलमानांचेही नाही. डोंबिवली, नालासोपारा, मीरा रोड, बदलापूर, कोणतेही उपनगर घ्या, चित्र थोड्याफार फरकाने हेच दिसेल. आम्ही मुंब्र्यापासून सुरुवात करतो, कारण आपल्या घरापासून सुरुवात केली तर उपायही घरापासून सुरू होतो.

सरळ रेघ आणि गाठींचा दोरा

कोणत्याही इमारतीतले एक साधे घर डोळ्यांसमोर आणा. घरचा कर्ता पुरुष सकाळी चहा घेऊन शेअर रिक्षाने स्टेशन गाठतो. मुंब्र्याला धीम्या गाड्या थांबतात. सीएसएमटीपर्यंतचे सुमारे ४० किलोमीटर अंतर कापायला तासाहून अधिक वेळ जातो. संध्याकाळी तो त्याच वाटेने परत येतो. घरी हातपाय धुऊन पुन्हा खाली उतरतो. इशाची नमाज, मग नाक्यावरचा चहा, मित्रांशी गप्पा, आणि मग घर. त्याच्या दिवसाचा नकाशा काढला तर एक लांब सरळ रेघ निघेल आणि तिच्या टोकाला एक मोकळे वर्तुळ. ते वर्तुळ म्हणजे त्याचा मोहल्ला. तिथे तो काही करायला जात नाही, नुसता असतो.

आता त्याच घरातली आई पाहा. सकाळी धाकट्याला शाळेत सोडणे, येताना दूध आणि पाव. दहाच्या पुढे रेशनचे दुकान. बारा-साडेबाराला शाळेतून मुलाला आणणे. दुपारी मोठीला अरबीच्या वर्गाला पोहोचवणे. सासूबाईंच्या गुडघ्यासाठी दवाखाना, वाटेत शिंप्याकडे टाकलेला कुडता, परत येताना भाजी. यातले एकही ठिकाण घरापासून फार लांब नाही. ती दिवसभर चालत असते, पण दीड-दोन किलोमीटरच्या आतच फिरत असते. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मुलाचे बोट. तिचा नकाशा म्हणजे गाठी मारलेला दोरा. प्रत्येक गाठ दुसऱ्या कोणाच्या तरी कामाची.

नोकरी करणाऱ्या स्त्रीला या दोऱ्यातून सुटका नाही. तिच्या वाट्याला रेघही येते आणि गाठीही. लोकलच्या महिला डब्यात मटार सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या बायका मुंबईकरांनी वर्षानुवर्षे पाहिल्या आहेत. पुरुषांच्या डब्यात हे दृश्य कोणी पाहिले आहे काय?

सरकारी आकडेही हेच सांगतात. २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर लोकांचा वेळ कुठे जातो याची पाहणी केली. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के दिवसाकाठी बिनपगारी घरकाम करतात, पुरुषांपैकी २६.१ टक्के. हे काम करणाऱ्या स्त्रीचे त्यात सरासरी २९९ मिनिटे जातात, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषाची ९७ मिनिटे. याच पाहणीच्या आधारे वाहतूक अभ्यासक राहुल गोयल यांनी शहरी भारताचा हिशेब मांडला. पाहणीच्या दिवशी एकदा तरी घराबाहेर पडलेले पुरुष ८७ टक्के होते. स्त्रिया ४७ टक्के. म्हणजे शहरातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांनी त्या दिवशी उंबरठा ओलांडलाच नाही. यात फक्त आपल्या समाजाच्या स्त्रिया नाहीत, सगळ्या समाजांच्या आहेत. ‘आमच्याकडेच असे’ किंवा ‘त्यांच्याकडेच तसे’ असे बोट दाखवायला इथे जागा नाही.

रिक्षाची पुढची सीट

प्रवासातही हा फरक दिसतो. शेअर रिक्षात मागे तीन जण बसतात आणि चौथा, नियमात नसला तरी, चालकाशेजारी टेकतो. ती पुढची जागा स्त्रीच्या कामाची नाही. म्हणून पुरुष येतो, पुढे बसतो आणि जातो. बाई मात्र मागची जागा रिकामी मिळेपर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या रिक्षाची वाट पाहत उभी राहते. रोजची ही पाच-दहा मिनिटे कोणी मोजत नाही.

घरात थोडे पैसे साठले की मोटारसायकल येते आणि ती बहुधा मुलाच्या नावाने येते. मुंबईत २००४ आणि २०१९ या दोन वर्षांतल्या प्रवासाच्या सवयींची तुलना जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी केली आहे. या काळात पुरुष मोठ्या प्रमाणात दुचाकीकडे वळले आणि स्त्रिया रिक्षा-टॅक्सीकडे, असे त्यांना आढळले. दुचाकीचा दर फेरीचा खर्च कमी, रिक्षाचा जास्त. तेवढेच अंतर जायला बाईला अधिक पैसे मोजावे लागतात, आणि ते पैसे बहुधा तिला मागून घ्यावे लागतात. मागायचे म्हणजे कशासाठी हे सांगायचे.

सोय केली की स्त्रिया ती वापरतात, हेही मुंबईनेच दाखवले आहे. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेवर चर्चगेट-बोरिवली ही केवळ महिलांची लोकल सुरू झाली. एका गाडीने सगळे प्रश्न सुटले नाहीत. पण मुलींना नोकरीला पाठवताना कचरणाऱ्या कितीतरी घरांना ‘लेडीज स्पेशल आहे’ एवढे एक वाक्य पुरले.

पिशवी हा परवाना

इथवर झाले ते कामाचे. खरा फरक काम नसताना कळतो.

पुरुषाला घराबाहेर पडायला कारण लागत नाही. ‘खाली जाऊन येतो’ म्हटले की पुरे. हेच वाक्य घरातली सून किंवा वीस वर्षांची मुलगी म्हणाली तर पुढचा प्रश्न ठरलेला: ‘कशाला?’ आणि त्याला उत्तर हवे. दळण आणायला, झेरॉक्स काढायला, मैत्रिणीकडून वही आणायला. ‘असेच, हवा खायला’ हे उत्तर चालत नाही. म्हणून आपल्या मुली लहानपणीच कारणे साठवायला शिकतात. रस्त्यावर उगाच थांबायचे नाही, पावले झपझप टाकायची, थांबावेच लागले तर फोन कानाला लावायचा. हातातली पिशवी सामानासाठी असतेच. शिवाय ती ‘मी कामाने निघाले आहे’ हा परवानाही असते. बुरख्याचेही अनेक घरांत असेच होते. तो श्रद्धेने घेणाऱ्या पुष्कळ आहेत. पण त्याच बुरख्यामुळे आपल्याला कॉलेजला जाऊ दिले, असे सांगणाऱ्याही भेटतात.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या स्त्रिया आणि सार्वजनिक जागा यांचा काही वर्षे अभ्यास करून २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की स्त्रियांना शहर मिळते ते कामापुरते. काम नसताना तिथे असण्याचा हक्क मात्र पुरुषांचाच मानला जातो. मोकळेपणाने, काही न करता बाहेर असता येणे ही चैन नसून नागरिकत्वाचा भाग आहे, असे त्या मांडतात. पुस्तक सगळ्या मुंबईविषयी आहे. पण आपल्या मोहल्ल्यातल्या कोणत्याही मुलीला ते समजावून सांगावे लागणार नाही.

चाँदरात काय सांगते

‘जमाना खराब आहे, रात्रीची वेळ, म्हणून काळजी वाटते.’ आई-वडिलांचे हे बोलणे खोटे नाही. काळजी खरी आहे. पण तिची परीक्षा आपण दर वर्षी घेतो आणि निकाल विसरून जातो.

रमजानच्या शेवटच्या दहा रात्री आठवा. मुंब्र्याचा बाजार असो, भिवंडी असो की मोहम्मद अली रोड, रात्रीचे एक-दोन वाजले तरी रस्ता बायकामुलींनी फुललेला असतो. चाँदरातीला तर बांगड्यांच्या आणि मेंदीच्या स्टॉलपाशी पाय ठेवायला जागा नसते. आज्या, सुना, शाळकरी मुली, कडेवर बाळ घेतलेल्या आया. हीच गल्ली, हेच शहर, हाच समाज. मग त्या रात्री काय बदलते?

दिवे लागलेले असतात. दुकाने उघडी असतात. दुकानदार, फेरीवाले, ओळखीचे चेहरे जागे असतात. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे बायका एकट्यादुकट्या नसतात, भरपूर असतात. जिथे भरपूर स्त्रिया दिसतात तिथे आणखी स्त्रिया येतात. जिथे एकही दिसत नाही तिथे जायला दुसरी धजत नाही. रस्ता सुरक्षित झाला की बायका बाहेर येतील, असे आपण म्हणतो. चाँदरात सांगते की बायका बाहेर आल्या की रस्ताही सुरक्षित होऊ लागतो.

ईदच्या दुसऱ्या आठवड्यात तोच रस्ता रात्री नऊला पुन्हा पुरुषांचा होतो. तेव्हा अडचण रात्रीची नव्हती आणि दीनाचीही नव्हती. ती उजेडाची, वर्दळीची आणि सवयीची होती.

मुलगी दहा वर्षांची होते तेव्हा

इमारतीच्या खाली खेळणाऱ्या मुलांकडे नीट पाहा. सहा-सात वर्षांपर्यंत मुलगे-मुली बरोबरीने धावतात. मग एकेक मुलगी कमी होऊ लागते. कोणी तिला हाकलत नाही. ‘आता मोठी झालीस’ एवढेच तिला सांगितले जाते. मैदान मुलग्यांच्या क्रिकेटला उरते.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे वाटत असेल तर ऑस्ट्रियाच्या राजधानीचे, व्हिएन्नाचे उदाहरण पाहू. १९९० च्या दशकात तिथल्या पालिकेने बागांमध्ये मुलांचा अभ्यास केला, तेव्हा आढळले की साधारण नऊ वर्षांनंतर मुली बागेत दिसेनाशा होतात. एकच मोठे मैदान असले की दांडगी मुले ते व्यापतात आणि मुली भांडण्याऐवजी निघून जातात. पालिकेने काही बागांची रचना बदलली. एका मोठ्या मैदानाच्या जागी लहान-लहान जागा केल्या, वाटा वाढवल्या, बसायला जागा आणि चांगले दिवे दिले. मुली परत आल्या.

मुंब्र्यात हे काम मुलींनी स्वतः हाती घेतले. २०१२ च्या सुमारास ‘परचम’ या संस्थेच्या पुढाकाराने इथल्या मुली फुटबॉल खेळू लागल्या. मैदानावर मुलग्यांचा ताबा होता, घरून विरोध होता, लोक काय म्हणतील हा प्रश्न तर होताच. काहींनी हिजाब घालून, काहींनी न घालता खेळायला सुरुवात केली. पुढे मुलींना स्वतःसाठी मैदान मिळावे म्हणून त्यांनी सह्या गोळा केल्या आणि लोकप्रतिनिधींपुढे मागणी मांडली. ज्या मुलींना ‘खाली जाऊन येते’ म्हणायची चोरी होती, त्यांनी जाहीरपणे जागा मागितली. आम्हांला यात गोलांपेक्षा हे मागणे मोठे वाटते.

मैदानाचा प्रश्न खेळापुरता नाही. जी मुलगी दहाव्या वर्षी मैदानातून परतते, तीच सतराव्या वर्षी कॉलेज निवडताना नकाशा उघडते. चांगल्या गुणांची मुलगी ठाण्याचे किंवा मुंबईचे कॉलेज सोडून जवळचे घेते, कारण गाडी बदलावी लागते, स्टेशनबाहेरचा रस्ता अंधारा आहे, यायला सात वाजतील. अर्थशास्त्रज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. सुरक्षित वाटेसाठी मुली अधिक चांगले कॉलेज सोडून कमी दर्जाचे कॉलेज पत्करतात, आणि मुलग्यांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात पत्करतात, असे त्यांना दिसले. मुलीने अभ्यासाने मिळवलेले रस्त्यावर गमावले जाते. वर आपणच म्हणतो, मुली शिकतात पण पुढे जात नाहीत.

आणि आईचे काय? चाळिशी उलटली की डॉक्टर सांगतात, रोज अर्धा तास चाला. मधुमेह, रक्तदाब, गुडघे, सगळ्यांवर तो पहिला उपाय. पण चालायचे कुठे? फुटपाथवर दुकाने आणि मोटारसायकली, बागेत बाकांवर तरुणांचे घोळके. मग गच्चीवर फेऱ्या मारा, तीही बिल्डरने कुलूप लावून ठेवलेली नसली तर. नवऱ्याला तेच औषध सांगितले तर तो फज्रनंतर रेतीबंदरापर्यंत सहज जाऊन येतो.

तहान मारून केलेला प्रवास

बाहेर राहता येण्यासाठी शौचालय लागते, ही गोष्ट पुरुषांच्या लक्षात येत नाही, कारण त्यांची सोय जिथे-तिथे असते. स्त्रिया घरून निघताना पाणी पीत नाहीत, बाजारात तास-दोन तास कळ काढतात, आणि पुढे मूत्रमार्गाचे आजार घेऊन दवाखान्यात जातात. गरोदर बाईला आणि मासिक पाळीतल्या मुलीला तर घराबाहेरचा दिवस मोजूनमापून काढावा लागतो. २०११ पासून मुंबईत ‘राइट टू पी’ मोहिमेच्या कार्यकर्त्यांनी हा संकोचाचा विषय उघडपणे मांडला. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ ट्रस्टने न्यायालयात दाद मागितली, तेव्हा डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या महापालिकांना रस्त्यांवर स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालये उभारण्याचे आदेश दिले. आदेश आहे. आपल्या बाजारात, आपल्या स्टेशनबाहेर तो दिसतो का, हे विचारणे आपले काम आहे.

इथे मशिदीचाही विषय येतो. बाजारात गेलेल्या बाईची असरची वेळ झाली तर तिने नमाज कुठे पढावी? पुण्याच्या एका दांपत्याने स्त्रियांच्या मशीदप्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा २०२० मध्ये ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने शपथपत्रात मान्य केले की स्त्रियांना मशिदीत नमाजला मुभा आहे. अल्लाहच्या बंदींना मशिदीपासून रोखू नका, या अर्थाची हदीस आपल्या सर्वांना ठाऊक आहे. मग प्रश्न उरतो तो वेगळा दरवाजा, वजूची जागा आणि एक पडदा यांचा. गवंड्याच्या चार दिवसांच्या कामाचा.

रस्त्याचा हक्क

नाक्यावर बसणाऱ्या आपल्या भावांसाठी आणि मुलांसाठी एक आठवण द्यावीशी वाटते. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी साथीदारांना रस्त्यात बैठका मारण्यापासून सावध केले. आम्हांला बोलायला दुसरी जागा नाही, असे ते म्हणाले, तेव्हा सांगितले गेले की मग रस्त्याचा हक्क अदा करा. तो हक्क कोणता? नजर खाली ठेवणे, कोणाला त्रास न देणे, सलामला उत्तर देणे, चांगल्याचे सांगणे आणि वाइटापासून रोखणे.

यात नजर खाली ठेवण्याची जबाबदारी रस्त्यात बसलेल्यावर टाकली आहे, रस्त्याने जाणारीने घरी बसावे असे म्हटलेले नाही. आपण नेमके उलटे केले. बसणारे बसून राहिले आणि जाणारीची वाट बंद केली. मुलीला काय घालावे आणि कधी परतावे हे रोज सांगणाऱ्या घरांत मुलाला नाक्यावर कसे बसावे हे कधी सांगितले जाते?

हजरत खदीजा (रजि.) यांचा व्यापार आणि हजरत उमर (रजि.) यांनी मदीनेच्या बाजाराची काही जबाबदारी शिफा बिन्त अब्दुल्लाह यांच्याकडे सोपवल्याची परंपरेतली नोंद आपण जलशांत अभिमानाने सांगतो. तो अभिमान आपल्या जिन्यापर्यंत उतरायला हवा.

दोन याद्या

म्हणून आम्हांला दोन याद्या सुचवाव्याशा वाटतात.

पहिली पालिकेसाठी. मोहल्ल्यातल्या स्त्रियांनी एकत्र येऊन लिहावे: कोणत्या गल्लीत दिवा नाही, कोणत्या फुटपाथवरून मुलाला घेऊन चालता येत नाही, बाजारात शौचालय कुठे हवे, बागेत स्त्रियांना निवांत बसायला जागा कुठे हवी. हे पुरुष नगरसेवकाला सुचणार नाही, कारण त्याला त्याची गरज कधी पडलेली नाही. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी, आणि महिन्याने पुन्हा जावे. दहा जणी गेल्या तर ऐकावेच लागते.

दुसरी यादी घरासाठी, आणि तिला कोणाची मंजुरी लागत नाही. आठवड्यातले दोन दिवस भाजी-दूध-शाळा ही फेरी मुलाने किंवा त्याच्या अब्बांनी करावी. दुचाकी घेतलीच आहे तर मुलीलाही शिकवावी. शेजारच्या चार-पाच जणींनी मिळून मगरिबनंतर रोज एक फेरी मारायचे ठरवावे. पिशवी न घेता. मुलीचे कॉलेज दूर आहे म्हणून नाही म्हणण्याआधी वडिलांनी एकदा तिच्याबरोबर त्या वाटेने, त्या वेळी जाऊन यावे आणि मग दोघांनी मिळून ठरवावे. भीती कुठे खरी आहे आणि कुठे फक्त सवय आहे, ते त्या एका फेरीत कळेल.

आणि पुढच्या वेळी घरातली कोणी ‘जरा खाली जाऊन येते’ म्हणाली, तर ‘कशाला?’ या प्रश्नाऐवजी तिला एवढेच सांगावे: किल्ली घेऊन जा.